काकीनाड्याचे बावन्न जण

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक काम आलं. युरोपातलं एक विद्यापीठ आणि भारतातलं एक विद्यापीठ मिळून उद्योजकतेचा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवत होती. त्यातल्या व्याख्यानांच्या चित्रफितींना मराठी उपशीर्षकं हवी होती आणि मराठीतून येणाऱ्या स्वाध्यायांचा इंग्रजी अनुवाद करायचा होता, कारण ते तपासणारे तिकडचे होते. मी कादंबऱ्यांचे अनुवाद करते आणि घर चालवायला करारनामे, माहितीपत्रकं, औषधांच्या खोक्यातली बारीक अक्षरांची पत्रकं. हे काम या दोन्हींच्या मधलं वाटलं, म्हणून घेतलं.

पहिल्या व्याख्यानाचा पहिलाच प्रश्न होता, उद्योजक कोणाला म्हणायचं? मराठीत हा शब्द आहे, सरकारी योजनांच्या फलकांवर तो भरपूर दिसतो. पण बोलताना आपण तो कोणाला लावतो? ज्याची औद्योगिक वसाहतीत शेड आहे त्याला. कोपऱ्यावर वडापावची गाडी लावणारा 'धंदा करतो'. धंदा हा शब्द बाई स्वतःबद्दल उच्चारायला कचरते, त्याचं कारण सांगायला नको. आणि नुसतं 'उद्योग' म्हणावं तर घराघरात ऐकलेलं 'नसते उद्योग करू नकोस' कानात वाजतं. शेजारच्या भाषांत डोकावलं तर प्रत्येकीनं वेगळी वाट धरलेली. हिंदीत उद्यमी, बंगालीत उद्योक्ता, ज्याला एखाद्या सभेचा आयोजकही म्हणता येतं. तेलुगूत पारिश्रामिकवेत्ता, म्हणजे जवळपास कारखानदारच. गुजरातीनं मात्र सरळ 'उद्योगसाहसिक' केलं. या शब्दातलं साहस मला आवडलं, आणि त्याच्या मागावर जाताना मी कलकत्त्याला पोचले.

हा शब्द अर्थशास्त्रात रुजवला तो रिचर्ड कँटिलॉन या आयरिश वंशाच्या, पॅरिसमध्ये पैसा केलेल्या सावकारानं. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७५५ साली फ्रेंचमध्ये छापला गेला. त्याची व्याख्या अजूनही कोणत्याही व्यवस्थापन संस्थेच्या व्याख्येपेक्षा मला स्वच्छ वाटते. ज्याचा खर्च ठरलेला आणि मिळकत अनिश्चित, तो हा माणूस. खंडानं जमीन कसणारा शेतकरी त्यात येतो, दुकानदार येतो, पाणक्या येतो. कँटिलॉननं भिकारी आणि चोर यांनाही याच यादीत बसवलं आहे. कारखान्याची अट कुठेच नाही. पुढे जाँ-बातिस्त से या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञानं तोच शब्द आपल्या मांडणीच्या मध्यावर आणला आणि १८२१ मध्ये सेच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद झाला. अनुवादकाला इंग्रजीत शब्द सापडेना. त्यानं तळटीप देऊन आपली अडचण सांगितली आणि 'साहसी माणूस' या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला, म्हणजे गुजरातीनं पुढे जे केलं तेच. हा अनुवादक चार्ल्स रॉबर्ट प्रिन्सेप. ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपचा तो भाऊ आणि पुढे बंगालचा अॅडव्होकेट जनरल. एका भावानं अशोकाची लिपी वाचली हे आपण शाळेत शिकतो. दुसऱ्यानं उद्योजकाला इंग्रजीत आणताना काय घाम गाळला हे कोणी सांगत नाही. त्याचा शब्द टिकलाही नाही. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४८ मध्ये इंग्रजीत या अर्थाचा रुळलेला शब्द नाही म्हणून हळहळ व्यक्त केली, आणि शेवटी इंग्रजीनं फ्रेंच शब्दच उचलला.

एवढं लिहिण्याचं कारण असं की, उद्योजकता 'शिकवता येते' ही कल्पना सरहद्द ओलांडते तेव्हा शब्दाबरोबर आणखीही काही ओलांडतं किंवा मागे राहतं. ते काय, हे मला त्या सहा आठवड्यांत शोधावंसं वाटलं.

विद्यापीठात हा विषय आला तो बराच उशिरा. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये मायल्स मेस यांनी १९४७ साली नव्या उद्योगांच्या व्यवस्थापनावर पहिला वर्ग घेतला. १८८ विद्यार्थी बसले, त्यांत युद्धावरून परतलेले पुष्कळ. तो अमेरिकेपुरता मामला होता. हा विषय पहिल्यांदा खऱ्या अर्थानं परदेशी गेला तो हार्वर्डच्याच, पण मानसशास्त्र विभागातून, आणि तो आला आंध्रात.

डेव्हिड मॅक्लेलँड यांचं 'द अचीव्हिंग सोसायटी' हे पुस्तक १९६१ चं. त्यांचं म्हणणं असं की देशाची आर्थिक भरभराट भांडवल किंवा खनिजांइतकीच माणसांच्या मनातल्या एका ओढीवर अवलंबून असते. काहीतरी अधिक चांगलं करून दाखवण्याची ती ओढ. तिला त्यांनी सिद्धिप्रेरणा म्हटलं. (हा मराठी शब्द आपल्या मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतला.) ती मोजायची कशी? तर गोष्टींवरून. माणसाला एक धूसर चित्र दाखवायचं, त्यावर गोष्ट लिहायला सांगायची आणि गोष्टीतली माणसं कशासाठी धडपडतात याचे गुण द्यायचे. एखाद्या अख्ख्या देशाची प्रेरणा मोजायची असेल तर? त्यांनी चाळीसच्या आसपास देशांतली लहान मुलांची वाचनमाला जमवली, तीतल्या गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि त्यांना गुण दिले.

तौलनिक साहित्य शिकलेल्या माणसाला हे वाचून हसू येतं आणि हेवाही वाटतो. आमच्या वर्गात दोन भाषांतल्या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवायच्या तर आधी तीन तास पद्धतीवर वाद व्हायचा. इथे एक माणूस जगभरच्या बालकथांवरून विजेच्या वापराचा अंदाज बांधत होता. त्या गोष्टींच्या अनुवादकांबद्दल मात्र पुस्तक वाचणारे कधी बोलत नाहीत. मूळ भाषेत एखादा मुलगा 'हट्टाला पेटला' असेल आणि इंग्रजीत तो 'जिद्दीनं झटला' असेल, तर गुण कोणाचे, त्या देशाचे की अनुवादकाचे?

मॅक्लेलँडचा पुढचा दावा जास्त धाडसी होता. ही ओढ मोठ्या माणसांतही निर्माण करता येते, असं ते म्हणाले. भारतातले त्यांचे वर्ग आधी मुंबईत झाले, पण गाजला तो काकीनाडा प्रयोग. नाशिककरांची गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते तिथलं हे बंदराचं गाव, भोवती त्रिभुज प्रदेशातली भातशेती. १९६४ मध्ये इथले ५२ व्यापारी आणि छोटे कारखानदार तुकड्यातुकड्यांनी हैदराबादला नेण्यात आले. तिथल्या स्मॉल इंडस्ट्री एक्स्टेन्शन ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्यम संस्थेत, त्यांचा निवासी वर्ग झाला. हिशेब कसा ठेवावा, कर्ज कसं मागावं हे तिथे शिकवायचं नव्हतं. शिकवायची होती गोष्ट लिहायला. आपल्या नायकाला काय हवंय, आड काय येतंय, मदत कोणाची घ्यायची, हे कागदावर मांडायचं, पुन्हा पुन्हा, मनात मुरेपर्यंत. शिवाय खुंटीत कडी टाकण्याचा खेळ. किती लांबून टाकायची ते ज्यानं त्यानं ठरवायचं. अगदी जवळून टाकणारा सुरक्षित, फार लांबून टाकणारा नशिबावर हवाला ठेवणारा. जो बेताच्या अंतरावर उभा राहतो तो हवा असलेला माणूस. कँटिलॉनच्या अनिश्चित मिळकतीचं इतकं साधं प्रात्यक्षिक मी दुसरं पाहिलेलं नाही.

तुलनेसाठी गोदावरीकाठचंच राजमहेंद्री निवडलं होतं. तिथल्या व्यापाऱ्यांना प्रशिक्षण नव्हतं. आणि मग, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, लोक परत गेले. दोन वर्षांनी पुन्हा विचारलं, कोणी नवा धंदा काढला, कोणी किती पैसा गुंतवला, कोणी किती माणसं कामाला लावली. मॅक्लेलँड आणि डेव्हिड विंटर यांचं पुस्तक १९६९ मध्ये आलं ते या पाठपुराव्यावर उभं आहे. शिकलेल्यांनी न शिकलेल्यांपेक्षा जास्त हालचाल केली होती. जात, धार्मिक श्रद्धा, पाश्चात्त्य राहणी यांनी कोणाला अडवलं किंवा पुढे ढकललं असं दिसलं नाही. हिंदू धर्म उद्यमाच्या आड येतो, या मॅक्स वेबरपासून चालत आलेल्या समजुतीला त्या ५२ जणांनी परस्पर उत्तर दिलं, आणि तेही वेबर न वाचता. आणखी एक निष्कर्ष होता, तो पुढच्या पुस्तकांतून गळत गेला. फरक ठळक दिसला तो ज्यांच्या हातात धंद्याचे निर्णय होते त्यांच्यात. ज्याच्या गल्ल्यावर वडील किंवा थोरला भाऊ बसलेला, त्यानं गोष्ट कितीही चांगली लिहिली तरी काय करायचं?

गुजरातनं हे ओळखलं. तिथे १९७० च्या सुमाराला औद्योगिक महामंडळांनी प्रशिक्षण सुरू केलं, पण एकटं प्रशिक्षण नाही. आधी निवड, मग सिद्धिप्रेरणेचा वर्ग, प्रकल्प अहवाल, जागा, यंत्रं आणि तारणाशिवाय कर्ज, असं सगळं एका माळेत. 'साहसिक' शब्दातलं साहस तिथे एकट्याच्या अंगावर टाकलेलं नव्हतं. यातूनच १९८३ मध्ये अहमदाबादला भारतीय उद्योजकता विकास संस्था उभी राहिली. आपल्याकडे १९८८ मध्ये औरंगाबादला महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आलं. हार्वर्डहून आलेल्या कल्पनेत इथे बँक, महामंडळ आणि शेड मिसळली गेली. चांगला अनुवाद असाच होतो, मूळ वाक्यात नसलेला पण अर्थाला लागणारा शब्द घालून.

अहमदाबादचीच आणखी एक गोष्ट. तिथली व्यवस्थापन संस्था १९६१ ची, तिची अध्यापनपद्धती हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या सहकार्यातून आलेली. तिचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई पद सोडल्यावर १९७५ मध्ये राजस्थानातल्या जवाजा भागात गेले आणि विणकर व चामड्याचं काम करणाऱ्यांबरोबर अनेक वर्षं राहिले. राष्ट्रीय डिझाइन संस्थेची माणसंही त्यात होती. माल कसा विकायचा, हिशेब कोणी ठेवायचा, सगळं तिथेच बसून. मला हा प्रयोग काकीनाड्याहून मोठा वाटतो, पण तो अभ्यासक्रमात बसत नाही, म्हणून त्याचं नाव फारसं निघत नाही.

ऑनलाइन जगात यातलं काय आलं? २०११ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्डनं कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग इंटरनेटवर मोकळा केला आणि नावं नोंदवणाऱ्यांची संख्या दीड लाखाच्या वर गेली. पुढच्याच वर्षी तिथल्याच चक ईझली यांनी तंत्रज्ञान-उद्योजकतेचा वर्ग तसाच मोकळा केला. सुमारे ३७,००० लोक आले, कितीतरी देशांतून. या वर्गात गट करून काम करायचं होतं, एकमेकांना कधी न भेटलेल्या, वेगवेगळ्या देशांतल्या माणसांचे गट. त्याच सुमाराला स्टीव्ह ब्लँक यांचा अभ्यासक्रमही ऑनलाइन आला. त्यांचा सांगावा असा की योजना लिहीत बसू नका, उठा आणि गिऱ्हाइकाला भेटा. बैठक मोडायला लावणारा हा उपदेश जगभरच्या लोकांनी पडद्यासमोर बसून ऐकला. तेव्हापासून दोन देशांतल्या विद्यापीठांनी मिळून असा वर्ग चालवणं नेहमीचं झालं आहे. एकाचं नाव आणि व्याख्यानं, दुसऱ्याचे विद्यार्थी आणि 'स्थानिक संदर्भ'. या स्थानिक संदर्भात माझ्यासारखे येतात.

मला मिळालेल्या व्याख्यानांत एक सल्ला वारंवार यायचा, की अपयश यायचंच असेल तर लवकर येऊ द्या. इंग्रजीत तो चटपटीत आहे. मराठीत 'लवकर अपयशी व्हा' हा आशीर्वाद कोणी घेईल? ज्या देशात दिवाळखोरीनंतर माणूस पुन्हा बँकेच्या दारात उभा राहू शकतो तिथे ते धोरण आहे. जिथे भांडवल म्हणजे आईच्या पाटल्या आणि मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने, तिथे लवकर आलेलं अपयश दर सणावाराला जेवणाच्या पंगतीत भेटतं. मी लिहिलं, 'थोडक्यात बेतेल तेव्हाच चूक कळू द्या.' ते मंजूर झालं, कारण ते तपासायला मराठी येणारं कोणी नव्हतं.

स्वाध्यायांत मात्र कस लागला. सोलापूरच्या एका बाईंचा शेंगदाण्याच्या चटणीचा उद्योग होता, बचत गटातून वाढलेला. त्यांनी सगळा मजकूर 'आम्ही'मध्ये लिहिला होता. आम्ही शेंगा आणतो, आम्ही कांडतो, आम्ही दुकानदाराशी बोललो. युरोपातल्या परीक्षकांचा शेरा आला, संस्थापक नेमके किती आणि अंतिम निर्णय कोणाचा? मी बाईंना फोन केला.

"ताई, त्यात कोण कोण आहे म्हणजे?" त्या हसल्या. "मी आहे, जाऊबाई आहेत, गटातल्या चौघी. सासूबाई चव बघतात. आणि पैशाचं आमच्या ह्यांच्या कानावर घालते."

"मग निर्णय तुमचा धरू का?"

"धरा की. पण माझा एकटीचा म्हणून नका लिहू, बाकीच्या काय म्हणतील?"

इंग्रजीत 'आम्ही' लिहिणं सोपं आहे, पण फॉर्मवर संस्थापकाची जागा एकच होती. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत, ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा एक आणि आत घेणारा दुसरा. इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दात मावतात. बाई माझ्याशी बोलताना दोन-तीनदा 'आपण' म्हणाल्या होत्या. मी टिपेत लिहिलं की हा समूह आहे आणि या भाषेत तो लपवाछपवी नव्हे. गुण किती मिळाले ते मला कळवलं गेलं नाही. पण काकीनाड्याच्या त्या गळून गेलेल्या निष्कर्षाची आठवण मला तेव्हा आली. 'निर्णय कोणाच्या हातात?' हा प्रश्न १९६४ मध्येही विचारला गेला होता. फरक इतकाच की तेव्हा विचारणारे त्या गावात गेले होते.

यात आपण नेहमी शिकणाऱ्याच्याच बाकावर असतो असं मात्र नाही. २००४ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी जोहान्सबर्गला पॅन-आफ्रिकन पार्लमेंटमध्ये एक प्रस्ताव मांडला, आफ्रिकेतल्या देशांना उपग्रह आणि तंतुवाहिनीनं भारतातल्या विद्यापीठांशी आणि रुग्णालयांशी जोडण्याचा. २००९ च्या फेब्रुवारीत ते जाळं सुरू झालं. दिल्लीहून समुद्राखालच्या केबलनं सेनेगलच्या डाकारला आणि तिथून उपग्रहानं देशोदेशी. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, मद्रास विद्यापीठ, अॅमिटी यांचे वर्ग तिकडे पोचू लागले. व्यवस्थापनाच्या पदवीला मागणी होती. राष्ट्रप्रमुखांना एकमेकांशी बोलायला वेगळी वाहिनीही त्यातच ठेवलेली होती, ती किती वाजली कोण जाणे. इथे हार्वर्डच्या जागी आपण होतो. सेनेगल, बेनिन, बुर्किना फासो, गॅबन हे पहिल्या टप्प्यातले देश फ्रेंचमध्ये कारभार करणारे, घरी वोलोफ, फॉन किंवा मूरे बोलणारे. आपली व्याख्यानं मुख्यतः इंग्रजीत. म्हणजे ज्यांच्या राज्यभाषेतून 'आँत्रप्रनर' हा शब्द जगभर गेला, त्यांना तो आपल्याकडून इंग्रजी उच्चारात परत मिळत होता. डाकारच्या बाजारात कापड विकणारी बाई आपला 'आम्ही' कोणत्या भाषेत लिहील, याचा विचार करणारा विभाग आपल्या एखाद्या विद्यापीठात होता का? भाषा विभाग होते. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. २०१९ मध्ये तेच काम ई-विद्याभारती या नावानं इंटरनेटवर सुरू झालं.

दरम्यान इथले नियम बदलले. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये भारतीय आणि परदेशी विद्यापीठांना मिळून संयुक्त आणि दुहेरी पदव्या द्यायची मुभा दिली, पण ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रम त्यातून वगळले. त्यामागे पदव्यांचा बाजार रोखण्याचं कारण असेल आणि ते समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे उद्योजकतेचे असे सीमापार वर्ग प्रमाणपत्राच्या पायरीवरच राहतात. पदवी असेल तर विद्यापीठाला विद्यार्थ्याची नोंद ठेवावी लागते. प्रमाणपत्राला शेवटच्या आठवड्यानंतर कोणीच बांधील नसतं. मी ज्या करारावर सही केली त्यात उपशीर्षकांचा दर होता, स्वाध्यायांचा दर होता, अनुवादाच्या हक्कांवर दीड पान होतं. शिकून गेलेल्यांना दोन वर्षांनी कोण विचारणार, मराठीत विचारणार की इंग्रजीत, यासाठी एक ओळही नव्हती. पुढच्या तुकडीच्या वेळी ती ओळ घालायला मी सुचवलं आहे, दरासकट.